सासूच्या नावाची साखर

सोमवार, ६ जानेवारी

आणि वर मला म्हणते, मुंग्या तुमच्यामुळे येतात. माझ्यामुळे. तेहतीस वर्षं हे घर मी झाडलं आणि मुंग्या मी आणल्या. आणि ही दीपिका, माझी सून, आत्ता दिवाळीनंतर मनोरहून लग्न होऊन आली, चहा सांडला तर फडकं कुठे आहे ते विचारत बसते, ती शहाणी. मोरीत पाय ठेवायला जागा नाही. लाल मुंग्यांची रांग कोपऱ्यातून निघते ती थेट आपण बसतो तिथपर्यंत. मी म्हटलं, गोडाची भांडी मोरीत घासत जाऊ नको. तर म्हणते, "आई, भांडी मी भायेर घासते. आमी सगळी मागच्या संडासात जातो. मोरीत लघवीला फक्त तुमी बसता." असं बोलतात का सासूला. माझ्या मुलाला, कुंदनला सांगितलं तर तो मोबाईलमधून मान वर काढत नाही.

फिनेल ओतलं. तासाभरात परत रांग.

ही वही हेमालीने दिली. हेमाली म्हणजे इथल्या उपकेंद्रातली नर्स. शनिवारी तिच्याकडे गेले होते ते पायासाठी. शिंगाळा माशाचा काटा रुतला होता. शिंगाळ्याचा काटा लागला की होडीवरचे तांडेल लहान पोरासारखे रडतात. मी त्याच पायाने बोईसरचा बाजार केला, कॉलनीत दारोदार फिरून बोंबील विकले, घरी आले, पाय धुवायला बसले तेव्हा दीपिका ओरडली, "आई, काटा." अंगठ्याशेजारच्या बोटाच्या खाली अख्खा आत. मला काहीच कळलं नव्हतं. जसा काय दुसऱ्या कुणाच्या पायात रुतलाय.

हेमालीने काटा काढला, बोटाला सुई टोचून रक्त घेतलं, बाटलीत पण घेतलं, आणि ही वही दिली. "मावशी, चौथी झालीय ना तुमची? मग रोज काय खाल्लं ते लिहा. दर गुरुवारी दाखवा." चौथीवाल्या बाईला कोण सांगतं लिहायला. पण मी लिहिते. पुढून तिच्यासाठी खाल्लेलं लिहिते. मागून हे लिहिते, ते कुणासाठी नाही.

गुरुवार, ९ जानेवारी



बाटलीतल्या रक्ताचा कागद आला. हेमालीने वाचला आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या अंगात" आणि तो शब्द म्हणाली. तो मी लिहिणार नाही. चहात घालतात ती. पांढरी.

माझ्या सासूचं नाव तेच. पुढे बाई लावायचं की झालं सासूचं नाव. माहीमची होती, तिचा बाप पानांच्या वाडीत होता, लाडाने ठेवलेलं नाव. सुनेने सासूचं नाव घ्यायचं नाही म्हणून मी ह्या घरात पाय ठेवल्यापासून त्या वस्तूला पांढरी म्हणते. विपुलच्या दुकानात पण "एक किलो पांढरी दे" म्हणते. तो बापाच्या गादीवर बसला तेव्हा पहिल्यांदा चुना काढून दिला होता. आता त्याला सवय झाली.

मी हेमालीला विचारलं, अंगात आहे म्हणजे कधीपासून?

"अचानक नाही येत मावशी. पाच-सहा वर्षं तरी असेल. ह्या कागदावर तर मागच्या तीन महिन्यांचं सगळं दिसतं. एक दिवस पण ती गेलेली नाही."

कागदावर दिसतं. आमच्याकडे असल्या गोष्टी भगत तांदूळ टाकून सांगतो, तो चुकतो पण. हिने कागद काढून दाखवला, त्यावर शिक्का.

म्हटलं, काढता येते का?

"काढता येत नाही. काबूत ठेवायची. आता ती जन्माची सोबत समजा. तुमच्या आधी घरात कुणाला होती का?"

मी म्हटलं, माझी सासू.

ती हसली. "सासूची कशी येईल? तुमचं काय रक्ताचं नातं नाही. एका चुलीवरचं खाल्लंत, तेवढंच."

हसण्यासारखं काय होतं त्यात. गोळ्या दिल्या, त्या पिशवीत आहेत. गोळीने काय होणार. सासूला जाऊन अकरा वर्षं झाली.

शनिवार, ११ जानेवारी

शेजारच्या गोजराबाईला सांगितलं. तिला माझी सासू पूर्ण आठवते. तिने माझा पाय बघितला, पट्टी सोडून बघितली, आणि एकदम मागे सरकली. म्हणाली, "नलू, तिचं पण ह्याच बोटापासून सुरू झालेलं."

मला पण आठवत होतं, मी बोलले नव्हते.

आता लिहितेच. सासूचा पाय पालघरच्या दवाखान्यात कापला. आधी बोट, मग घोट्यापर्यंत, मग गुडघा. डोळे गेले. ओटीवर बाज टाकून दिली होती, बाजेच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची मी, मुंग्या चढू नयेत म्हणून. तरी चढायच्या. डॉक्टरने सांगितलेलं की पांढरी एक चिमूट पण द्यायची नाही. मी दिली नाही. मी जशी आहे तशी आहे, नाही म्हणजे नाही. रोज दुपारी तीन वाजता ती सुरू करायची, "नलू, एक घोट गोड दे गं. नलू, एक घोट." तीन म्हणजे तीन. आंधळ्या माणसाला वेळ कसा कळायचा माहीत नाही.

शेवटच्या दिवशी टोपली डोक्यावर होती, बाहेर टमटम वाजत होती. ती म्हणाली, एक घोट. मी म्हटलं, आल्यावर देते. खोटंच म्हटलं, गप्प बसावी म्हणून. आले तेव्हा ती गेलेली होती आणि तोंडापाशी रांग लागली होती.

गोजराबाई म्हणाली, "वासना ऱ्हायली तिची. तिला पाज म्हणजे जाईल."

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आजचा चांगला दिवस धरून सुरुवात केली.

तीन वाजता तिच्या कपात चहा केला. तिच्यासारखाच. मी लग्न होऊन आले त्या दिवशी तिने पहिलं हेच शिकवलं, की चहा असा गोड पाहिजे की ओठाला ओठ चिकटला पाहिजे. चार चमचे. तेव्हापासून ह्या घरात चहा असाच होतो. कप उंबऱ्यावर ठेवला, जिथे तिची बाज असायची तिकडे तोंड करून. सोबत तिळाचा लाडू.

मुंग्या आल्या. पाच मिनिटं पण लागली नाहीत.

दाखवलेलं टाकायचं नसतं, म्हणून मुंग्या फुंकून मी तो प्यायले आणि लाडू खाल्ला. काय सांगू, महिनाभर घसा सुकून सुकून रापला होता, हंडा रिकामा केला तरी तहान जात नव्हती, ती घटकाभर गेली. मग दुप्पट आली. पण घटकाभर गेली हे खरं. म्हणजे पोचला तिला.

वहीत पुढून लिहिलं: दोन भाकऱ्या, बोंबलाचं कालवण, भात. पांढरी नाही. खोटं लिहिलं. पण तो चहा माझा नव्हताच.

वाणगावच्या एका बाईने चिकू दिले होते, सात-आठ खाल्ले. ते लिहिले नाहीत, फळ आहे ते.

गुरुवार, १६ जानेवारी

मशीनवर चारशे बारा आलं. मागच्या वेळी तीनशे दहा होतं. हेमालीचं तोंड उतरलं. वही वाचली, परत मशीन बघितली. "मावशी, हे खाऊन चारशे होत नाही."

मी पायाची पट्टी सोडायला लागले.

मग तिने जखम धुतली आणि समजावत बसली. माणसाच्या रक्तात पहारेकरी असतात म्हणे, पांढऱ्या पेशी. काटा रुतला, घाण आत शिरली की ते धावून जातात आणि मारतात. आपल्याला कळत पण नाही. पण "ती" रक्तात वाढली की हे पहारेकरी सुस्त होतात. वेळेवर धावत नाहीत. घाण समोर असून पकडत नाहीत. आणि पायाच्या नसा मरतात, म्हणून काटा लागल्याचं कळत नाही. "म्हणून जखम भरत नाही. सर्दी-खोकला, फोड, लघवीच्या जागी खाज, सगळं त्यातच येतं. तुम्ही गोळ्या घेताय ना?"

घेते म्हटलं.

घरी येताना विचार केला. पहारेकरी म्हणजे मला काय नवीन नाही. बोईसरच्या कॉलनीच्या गेटवर वॉचमन असतो, बिहारचा. आत विकायला सोडायचं नाही असा नियम आहे. मी दोन बोंबील त्याच्या डब्यात टाकते, तो म्हणतो, "जाओ अम्मा, मैंने देखा नहीं." बारा वर्षं मी अशीच आत जाते.

सासू पण तशीच आत आली. आणि पहारेकरी पांढरे, ती पण पांढरी. एकमेकांना ओळखत असणार.

आज तीन वाजता चहा दिला. पाच चमचे.

मंगळवार, २१ जानेवारी

रोज देते. नागा नाही.

काल बाजारातून घरी आले तर एका पायात चप्पल नव्हती. कुठे पडली माहीत नाही. रिक्षा स्टँडपासून गावापर्यंत अनवाणी पायाने चालले, डांबर दुपारचं, मला काही लागलं नाही. आता डावा पाय गुडघ्याखाली माझा नाही. तो चालतो, पण मी चालवत नाही.

डोळ्यापुढे धूर येतो. बोंबील वाळत घातलेल्या काठ्या दोन-दोन दिसतात. तिच्या डोळ्यांचं पण असंच सुरू झालं होतं.

आज दुपारी जेवून आडवी झाले. उठले तर दीपिका भिंतीला टेकून उभी, तोंड पांढरंफटक.

"काय झालं गं?"

"आई, तुमी झोपेत बोलत होता."

"मग? झोपेत सगळीच बोलतात. तुझा नवरा शिव्या देतो."

"तसं नाय. तुमी हाक मारत होता. नलू, एक घोट दे गं, नलू. लय येळ. म्हातारीसारख्या आवाजात." मग हळूच म्हणाली, "आई, नलू म्हणजे तुमीच ना?"

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. कप ठेवायला उशीर झाला होता.

दीपिकाने माझ्या सासूला कधी बघितलं पण नाही. मी ह्या पोरीला त्या म्हातारीबद्दल अक्षर सांगितलेलं नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

हेमालीकडे गेले नाही. बोट काळं झालंय. नखापासून. दुखत नाही. वास येतो, सुक्या मासळीच्या घरात कुणाला कळणार नाही पण मला कळतो, कारण हा वास मी तिच्या बाजेपाशी घेतलाय.

पाजते आहे तरी जात नाही. उलट मागणं वाढलं. आता सकाळी पण मागते.

शनिवार, २५ जानेवारी

दीपिकाने रिक्षा आणली आणि म्हणाली, "दवाखान्यात नाय तर भगताकडं चला, पण चला." पोर कधी नव्हे ती आवाज चढवून बोलली. मी गेले. वाणगावच्या पुढे पाड्यावर जिव्या भगत आहे, म्हातारा, लांबून लांबून लोक येतात.

त्याने तांदूळ काढले पण नाहीत. माझं तोंड हुंगलं. म्हणाला, "पिकल्या चिकूचा वास येतो बाई तुज्या श्वासाला." मग पाय बघितला. मग विचारलं, "कोण हाय म्हणतेस?"

मी सगळं सांगितलं. तो शब्द न घेता सांगितलं, त्याला समजला.

म्हणाला, "माज्याकडं भुतं येतात ती उपाशी असतात. हडकुळी. म्हणून तर झोंबतात. तुजं हे चांगलं पोसलेलं हाय. कोण जेवू घालतो त्याला?"

दीपिका बोलली. "रोज तीन वाजता आई चहा करतात. पाच चमचे. त्यांना वाटतं मला ठाऊक नाय."

जिव्या मान हलवत राहिला. मग त्याने कनवटीची पिशवी काढली, म्हटलं आता अंगारा देतो. तर गोळ्यांचं पाकीट. माझ्याच गोळ्या, तेच हिरवं पाकीट.

"माज्यात पण हाय ती," म्हणाला. "नऊ वरसं झाली. सकाळी एक, सांजी एक. मी तिला काय घालत नाय, ती मला काय करत नाय. बसते गप."

मी विचारलं, तुझ्यात पण माझी सासू?

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. दीपिका पण हसली, तोंडाला पदर लावून. हसता हसता तो म्हणाला, "जा पालघरला. आज जा. हे बोट माजं काम नाय."

हसला तो. पण नाही म्हणाला नाही. हे मी नीट ऐकलं आहे.

सोमवार, २७ जानेवारी

परवा दीपिकाने भगताकडून थेट पालघरला नेलं. डॉक्टरीण तरुण आहे, सपना नाव, पण जीभ माझ्यासारखी. म्हणाली, "आठ दिवस उशिरा आलात. भरती व्हा." मी नाही म्हटलं, सासू त्याच इमारतीत तीनदा भरती झाली आणि दर वेळी कमी होऊन घरी आली. दोघींची खूप वेळ जुंपली. शेवटी हेमालीला फोन लावला, तिने जबाबदारी अंगावर घेतली. आता सकाळ-संध्याकाळ ती घरी येऊन पोटाला सुई देते आणि मला शिव्या देते. मेलेलं मांस खरवडून पट्टी बांधली आहे. गुरुवारी दहा वाजता पट्टी सोडणार. काळं आहे तिथेच थांबलं असेल तर बोट राहील. वर सरकलं असेल तर बोट काढायचं, आणि मग कुठे थांबेल ते सांगता येत नाही म्हणाली.

पाय गेला तर बाजार गेला. टोपली डोक्यावर असते पण पाय पेलतात तिला.

वहीची मागची पानं हेमालीने वाचली. मी झोपले होते, दीपिकाने दिली. मला वाटलं ओरडेल. तिने वही मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "मावशी, मी तुम्हाला शब्द तरी वेगळा सांगायला हवा होता." आणि म्हणाली, गूळ पण तीच, चिकू पण तीच, भाताचा डोंगर पण पोटात गेल्यावर तीच. सगळ्या नावांनी तीच येते.

म्हणजे मी तिला दुपारी तीनलाच नाही, दिवसभर जेवू घालत होते. बाहेर लाच देणारी मी आणि आत घेणारे पहारेकरी पण माझेच.

मंगळवार, २८ जानेवारी

साखरबाई.

घेतलं नाव. सुई नसताना पण जिभेला टोचलं. छप्पर काही पडलं नाही. दीपिका चुलीपाशी होती, तिने मला मोठ्याने वाचताना ऐकलं आणि मागे वळून बघितलं.

साखरबाई, तू माझ्यात कशी आलीस ते मला कळलं आहे. मेल्यावर नाही आलीस. मी लग्न होऊन आले त्या दिवशीच्या चहातून आलीस, तुझ्या हाताने दिलेल्या. तेहतीस वर्षं दिवसाला पाच कप. तू मेलीस तेव्हा अर्धी इकडे आलेलीच होतीस.

शेवटच्या दिवशी एक घोट दिला नाही, ते चुकलं. बिनसाखरेचा तरी द्यायला हवा होता, तोंड ओलं झालं असतं. टोपली उतरवून दोन मिनिटं बसले असते तर टमटम काही पळून जात नव्हती. ते मी कबूल करते. पण पंधरा दिवस पाजलं तुला, माझं बोट काळं होईस्तोवर पाजलं. फिटलं आता.

आज तीन वाजता कप ठेवला नाही. उंबऱ्यापाशी बसून राहिले, पट्टीचा पाय स्टुलावर. घसा चिरत होता. बरोबर तीनला मुंग्या आल्या. कप असतो तिथे थांबल्या, रिकाम्या जागेला गोल फिरल्या. मला वाटलं परततील. नाही परतल्या. एक पुढे झाली, मग रांग वळली आणि स्टुलाच्या पायावर चढायला लागली. दीपिकाने धावत जाऊन चार वाट्या पाणी आणलं आणि स्टुलाच्या पायांखाली लावलं. तिला हे कुणी शिकवलं मी विचारलं नाही.

पाण्याच्या काठाशी रांग अजून उभी आहे. मी लिहिते आहे तोवर.

ऐक. गोळी सकाळी घेतली, सांजची घेणार. सुई घेणार. जिव्याने ठेवली तशी मी तुला ठेवीन, उपाशी पण घरात. बस गप्प, मी काही करत नाही. पण मला आधी कळलं पाहिजे. गुरुवारी सकाळी दहाला पट्टी सुटणार. त्याच्या आत सांग, बोट ठेवतेस की घेऊन जातेस. मुंग्यांकडून निरोप नको, आणि मी झोपले असताना पोरीला घाबरवून नको. नलू म्हणून हाक मारता येते ना तुला, मग मी जागी असताना मार, आणि माझ्याच तोंडाने मला सांग.